एका डोळ्याचे तीन नकाशे

डोळ्याच्या मशीनमधून निघालेला लाल-पिवळा-निळा कागद ज्यांच्या हातात नुकताच पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्या नातेवाइकांनी वाचलं नाही तरी चालेल. नातेवाइकांना वाचायला सवड नसते, सल्ले द्यायचे असतात.

मी डॉक्टर नाही. अकोल्यात एका खासगी प्रयोगशाळेत माती तपासायचं काम करते. आमचं घर नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात. बाबा झेंडू, शेवंती आणि थोडा मोगरा लावतात. फुलं अमरावतीच्या बाजारात जातात. आठवडाभर मी अकोल्यात खोलीवर राहते आणि सुटीला बस धरून गावी जाते. ज्या वर्षी हे सगळं घडलं, त्या वर्षी माझं लग्न ठरलेलं होतं. ते एका कागदावर मोडलं, दुसऱ्या कागदावर पुन्हा जुळलं, आणि तिसऱ्या कागदानंतर काय झालं ते पुढे येईलच. डोळे सगळा वेळ माझे तेच दोन होते.

चष्मा नको

मुलाकडचे लोक अमरावतीचे. मुलाचं नाव निखिल, नोकरी पुण्यात. त्याचे वडील सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि अजून ते कोणी त्यांना सांगितलेलं नसावं असं बोलणारे. मला पाहायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी पसंत आहे, फक्त साक्षगंधाच्या फोटोत चष्मा नको, काचेवर लाइट चमकतो. आईने ते अशा काही आनंदाने मला येऊन सांगितलं की जणू घरात साखर वाटायची आहे.

मी लेन्स घेतल्या. मऊ लेन्स, सकाळी घालायच्या, संध्याकाळी काढायच्या. साक्षगंध झालं, फोटोत काही चमकलं नाही. पण नंतरही निखिलच्या घरून कोणी ना कोणी व्हिडिओ कॉल करायचं, म्हणून लेन्स चालूच राहिल्या. दिवसभर मातीच्या धुळीत, वाळवलेले नमुने कुटताना, चाळताना, माझ्या डोळ्यांत ते प्लास्टिक बसलेलं असायचं.

उन्हाळ्यात त्रास सुरू झाला. प्रयोगशाळेत काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा वाचून द्रावण मोजायचं असतं. डाव्या डोळ्याने पाहिलं की एका रेघेखाली दुसरी, फिकट रेघ दिसू लागली. अक्षरांना सावल्या यायला लागल्या. रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटल्या. चष्मेवाल्याकडे गेले तर त्याने डाव्या डोळ्याचा नंबर बदलून दिला. पुन्हा गेले, पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी म्हणाला, मॅडम, तुम्ही टेन्शन घेता. पैसे देऊन निघाले.

पहिला नकाशा

अमरावतीच्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाबा मला घेऊन गेले. नाव सांगत नाही, कारण असे दवाखाने ओळीने आहेत आणि प्रत्येकाला वाटेल की त्याच्याबद्दलच लिहिलं आहे. थंडगार हॉल, भिंतीवर डॉक्टरांचे सत्कार घेतानाचे फोटो, आणि मधोमध टीव्हीवर त्याच दवाखान्याची जाहिरात पुन्हा पुन्हा. माणूस आत जाईपर्यंत त्याला ऑपरेशन हवंसं वाटावं अशी व्यवस्था.

मशीनच्या खोलीत मला विचारलं, लेन्स घालता का? मी हो म्हटलं. मग काढून या म्हणाले. मी बेसिनपाशी जाऊन लेन्स काढल्या आणि लगेच येऊन बसले. हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, उजेडाकडे बघा, पापणी लववू नका. निळी फीत गरगर फिरली. माझे डोळे कोरडे पडले होते, पाणी आलं, पापणी लवली. झालं, म्हणाले. एकेका डोळ्याला एकेकदा. त्यापेक्षा जास्त वेळ आमच्याकडे शेतातल्या मातीच्या ढेकळाला मिळतो.

डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता स्क्रीन आमच्याकडे वळवली. दोन गोल होते, दोन्हींत लाल डाग. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आहे, दोन्ही डोळ्यांत, रोगाचं नाव केरॅटोकोनस, असं त्यांनी एका दमात सांगितलं. दोन्ही डोळ्यांवर याच महिन्यात प्रक्रिया करून घ्या, नाहीतर उद्या कॉर्निया बदलायची वेळ येईल.

बाबांनी विचारलं, "आंधळी होईन का पोरगी?"

"मी तसं म्हणालो नाही," डॉक्टर स्क्रीनला म्हणाले. "पण थांबलात तर जबाबदारी तुमची."

मला त्या वेळी नेमकं काय वाटलं, ते सांगायचा प्रयत्न करते, कारण तुम्हालाही तेच वाटणार आहे. मला वाटलं की तो लाल डाग म्हणजे मी. आजवर आरशात पाहिली ती कोणी दुसरीच होती, आणि खरी मी त्या स्क्रीनवर आत्ता पहिल्यांदा दिसते आहे. कागद हातात घेतला आणि तसाच धरून बसले. बाबांनी त्याची घडी घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

तो कागद फिरतो

घरी आल्यावर आईने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की गावात कोणाला बोलू नका. दुसरी, की मुलाकडच्यांना मात्र सांगावं लागेल. बाबांनी फोन केला. निखिलचे वडील म्हणाले, काळजी करू नका, फक्त रिपोर्टचा फोटो पाठवा.

तो फोटो पाठवला ही आमच्या भोळेपणाची हद्द होती. त्यांनी तो त्यांच्या साडूला पाठवला, साडूने कोणा मेडिकलवाल्याला, मेडिकलवाल्याने आणखी कोणाला. ज्या लोकांना कॉर्निया आणि कांद्याची साल यांतला फरक सांगता आला नसता, त्यांनी माझ्या डोळ्यांतला लाल रंग बघून आपापली मतं दिली. मुलांनाही हे होतं का? गाडी चालवता येते का? एकाने विचारलं की लग्नात होमाचा धूर चालेल का. शेवटी निखिलच्या वडिलांचा मेसेज आला: तूर्त थांबू. खाली हात जोडल्याचं चित्र.

निखिलने फोन केला नाही. त्याने मला एक व्हिडिओ पाठवला, डोळ्यांचे व्यायाम. एक बाई अंगठा नाकासमोर धरून पुढे-मागे करत होती.

गावात तर दोन दिवसांत कळलंच. मग उपायांची रांग लागली. कोणी गुलाबपाणी, कोणी गाईचं तूप, कोणी मध. मावशीने पांढऱ्या कांद्याचा रस सांगितला, आणि मी नाही म्हटल्यावर ती रुसून गेली. माझ्या डोळ्यात कांदा पिळू न दिल्याबद्दल तिला राग आला होता, हे मी आजही विसरत नाही. आई रिद्धपूरच्या देवस्थानाला जाऊन आली. तिचं मी काही बोलले नाही. ती कोणाला दाखवायला गेली नव्हती.

दुसरा नकाशा

निखिलच्या काकांची अकोल्यात एका डोळ्यांच्या डॉक्टरांशी ओळख होती. तिथे जाऊन या, असा निरोप आला. मला जायचं नव्हतं. आईने डोळ्याला पदर लावला आणि मी बाबांसोबत गेले.

हे डॉक्टर वयस्कर, गोड बोलणारे. मशीन जुनं होतं. त्यात निळी फीत नव्हती, एकात एक गोल कडी होती. ती डोळ्यावर पडतात आणि त्यांच्या प्रतिबिंबावरून मशीन आकार काढतं. मधल्या दिवसांत मी लेन्स घातल्या नव्हत्या. डाव्या डोळ्याच्या वेळी मला पापणी पुरती उघडता येत नव्हती. चालेल, चालेल, म्हणाले. कागद निघाला. हिरवा आणि निळा. लाल कुठेच नाही.

डॉक्टर हसले. थोडा तिरपा नंबर आहे म्हणाले, बाकी एकदम नॉर्मल. अमरावतीवाले घाबरवतात. नवी मशीन घेतली की चालवावी लागते. मग काकांना फोन लावून आमच्यासमोरच सांगितलं, मुलगी ठणठणीत आहे, बार उडवून द्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे आले. आई शेजारपाजारी वाटून आली. निखिलच्या वडिलांनी फोनवर बाबांना सांगितलं की त्यांना पहिल्यापासूनच खात्री होती. निखिलनेही फोन केला, आणि आपण मधले दिवस विसरून जाऊ म्हणाला. मधल्या दिवसांत त्याने विसरण्यासारखं काही केलंच नव्हतं. काहीच केलं नव्हतं.

मी खोलीवर परत आले. व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू झाले, आणि लेन्सही. खिडकीतून समोरच्या दुकानाचा दिवा दिसतो. उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने तो एक दिवा नव्हता. त्याच्याखाली दुसरा होता, त्याखाली तिसरा, पुसट, ओघळल्यासारखा. प्रयोगशाळेत नळीवरच्या रेघा अजून दुहेरीच होत्या. हिरवा कागद माझ्या पिशवीत होता आणि डोळा त्याचं काही ऐकत नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत कोणतंही मोजमाप घेण्याआधी, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं द्रावण मीटरला देऊन बघतात. मीटर चुकलं तर आधी मीटर दुरुस्त. एकाच मातीची दोन यंत्रांनी दोन उत्तरं आली तर कोणीही शहाणा माणूस आवडीचं उत्तर निवडत नाही. इथे मात्र दोन डॉक्टर, दोन घरं, अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळ्यांनी आवडीचं उत्तर निवडलं होतं. लाल होतं तेव्हा लाल खरं, हिरवं आलं तेव्हा हिरवं खरं.

पण सांगणार कोणाला? आई कितीतरी दिवसांत पहिल्यांदा गाणं गुणगुणत कणीक मळत होती. मी सुटीला घरी गेले तेव्हा बाबा मळ्यात शेवंतीच्या रोपांना माती लावत होते. त्यांना सांगितलं की मला अजून दोन दोन दिसतं.

ते उठले नाहीत. हात चालू ठेवूनच म्हणाले, "एक म्हन्ते दोनी डोये गेले, एक म्हन्ते कायीच नाई. म्हंजे दोघायलेबी मालूम नाई. तिसऱ्याले इचारू."

"आई?"

"तुहा डोया हाये का तिचा?"

तिसरा नकाशा

तिसरी डॉक्टर आम्हाला अकोल्यातच सापडली, एका गल्लीत. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मुलाचा डोळा तिने बघितला होता. तिच्याबद्दल गोड काही लिहिणार नाही. तिने आम्हाला ताटकळत ठेवलं, बाकड्याचा एक पाय डुगडुगत होता, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य तिने रागाने म्हटलं: लेन्स कधी काढल्या होत्या?

मी सांगितलं, पहिल्या वेळी मशीनसमोर बसायच्या आधी. तिने पेन खाली ठेवलं. ज्यांनी तेव्हा मोजलं त्यांनाही शिव्या घालाव्यात आणि जिने लेन्स घातल्या तिलाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, दिवसभर लेन्स दाबून बसली की कॉर्नियाचा आकार बदलतो, तो जागेवर यायला आठवडे लागतात. तो लाल कागद अर्धा तुझ्या डोळ्याचा आहे आणि अर्धा लेन्सचा. आणि त्याच्या कोपऱ्यात मशीनने स्वतः पिवळ्या रंगात लिहिलं आहे की हे चित्र नीट आलेलं नाही, पुन्हा घ्या. कोणी वाचलं?

हिरव्या कागदावर तर ती हसलीच. कड्यांचं खालचं अर्धं चित्र पापणीने आणि अश्रूने खाल्लं होतं. माझ्या कॉर्नियाचा उंचवटा असलाच तर खालच्या बाजूला असणार, आणि नेमकं तेच मोजलं गेलं नव्हतं. शिवाय ते मशीन फक्त पुढचा भाग बघतं, मागचा बघत नाही, जाडी मोजत नाही. मधले आकडे नॉर्मल, म्हणून मुलगी नॉर्मल.

तिने त्या दिवशी काहीच मोजलं नाही. लेन्स बंद, काही आठवड्यांनी या. बाबांना हे फार आवडलं. दवाखान्यात जाऊन काहीच न करता परत येणं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुन्हा गेलो तेव्हा तिने प्रत्येक डोळा अनेकदा मोजला. दर वेळी मला हनुवटी उचलायला लावून, डोळे मिटून, पुन्हा बसवून. वैतागले मी. पण मग तिने आकडे शेजारी शेजारी दाखवले. एकच डोळा, एकच मशीन, एकच दुपार, तरी दर वेळी उत्तर थोडं वेगळं.

"मशीन थोडं हलतंच," ती म्हणाली. "किती हलतं ते आधी बघायचं. उद्या आकडा त्याहून जास्त हलला, तर डोळा बदलला म्हणायचं. एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी लावून जे रोग वाढला म्हणतात, त्यांच्याशी बोलू नये."

मग निकाल सांगितला. उजवा डोळा चांगला. डाव्या डोळ्यात केरॅटोकोनस आहे, सुरुवातीचा, पण आहे. वाढतोय का? आज सांगता येणार नाही. काही महिन्यांनी याच मशीनवर परत. वाढत असेल तर एकाच डोळ्याला प्रक्रिया. नीट दिसायला पुढे त्या डोळ्यात कडक लेन्स. डोळे चोळायचे नाहीत, हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं.

मला रडू आलं. लोकांना वाटतं रोग कळल्यावर रडू येतं. मला हे ऐकून आलं की आज सांगता येणार नाही असं म्हणणारं कोणीतरी भेटलं.

बैठक

आता हे मुलाकडच्यांना सांगायचं होतं. आई म्हणाली, सांगू नका, हिरवा कागद आहे ना. बाबा म्हणाले, सांगायचं. त्यावरून दोघांत जे झालं त्यानंतर आई कितीतरी दिवस बाबांशी थेट बोलली नाही. मला म्हणायची, त्यायले सांग जेवाले. बाबा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

आम्ही अमरावतीला त्यांच्या घरी गेलो, मी आणि बाबा. निखिलही पुण्याहून आलेला होता. बाबांनी जे आहे ते सांगितलं: उजवा चांगला, डाव्यात रोग आहे, आंधळेपण येणार नाही, पण कदाचित एक प्रक्रिया लागेल, कडक लेन्स लागेल.

निखिलचे वडील शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी फार समजूतदार आवाजात तोडगा काढला. तिसऱ्या रिपोर्टचं आपण कोणाला बोलायचंच नाही. नातेवाइकांपर्यंत नॉर्मलचा रिपोर्ट गेला आहे, तोच धरू. लग्न होऊन जाऊ दे. उपचार काय करायचा तो नंतर माहेरी जाऊन करा, गाजावाजा नको. आणि लेन्स तर तशीही घालावीच लागणार म्हणता, म्हणजे चष्म्याचाही प्रश्न मिटला.

मी निखिलकडे पाहिलं. तो टीपॉयच्या काचेकडे बघत होता. मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, बाबा म्हणतात ते प्रॅक्टिकल आहे.

इतका वेळ मला त्या माणसांचा राग येत होता. तिथे तो गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला किळस म्हणतात. लाल कागदाला घाबरून पळालेले लोक मी समजू शकत होते. पण ज्यांना माझा रोग चालत होता, फक्त कागद हिरवा हवा होता, त्यांच्या घरात मी रोज सकाळी उठून काय करणार होते?

बाबांनी पिशवीतून दोन्ही जुने कागद काढले, लाल आणि हिरवा, आणि टीपॉयवर ठेवले.

"हे तुमीच ठेवा सायेब," ते म्हणाले. "पोरीले मी घरी नेतो."

परतताना बसमध्ये बडनेऱ्याच्या पुढे त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले.

प्रक्रिया

दिवाळीनंतर, ज्या दिवसांत माझं लग्न व्हायचं होतं, आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. पुन्हा त्याच मशीनवर, पुन्हा तितक्याच वेळा. उजवा जिथल्या तिथे. डावा हलला होता, मशीनच्या थरथरीपेक्षा स्पष्ट जास्त. आता वाट बघायची नाही, असं ती म्हणाली, आणि मला पहिल्यांदा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला, कारण आधी तिने थांब म्हटलं होतं.

प्रक्रियेबद्दल खरं सांगते. टेबलावर काही दुखत नाही. डोळा बधिर करतात, वरचा पातळ थर काढतात, पिवळं औषध थेंब थेंब टाकतात आणि मग जांभळट उजेड. पडदा घट्ट व्हावा म्हणून. रोग एवढ्यावर थांबायची आशा आहे, हरवलेली नजर यातून परत येत नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. तिथल्या नर्सने सगळा वेळ माझा अंगठा धरून ठेवला होता. का अंगठाच, माहीत नाही.

दुखतं ते घरी आल्यावर. डोळ्यात वाळू, मिरची आणि काच एकदम. पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. ज्यांनी मला इंटरनेटवर लिहून कळवलं होतं की किंचित अस्वस्थता जाणवते, त्यांना ती किंचित अस्वस्थता एकदा जाणवावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. थोड्या दिवसांत ओसरते, हेही खरं.

आई अकोल्याला खोलीवर येऊन राहिली. खिडकीला तिने आपलं लुगडं बांधलं. दर वेळी थेंब घालायच्या आधी हात धुवायची, इतके की मकानमालकीण पाण्यावरून बोलली, आणि आई, जी आयुष्यात कोणाला उलटून बोलली नव्हती, तिने त्या बाईला दारातूनच परत पाठवलं. एका दुपारी थेंब घालताना ती म्हणाली, "तुहा बाप बरोबर होता. त्याले सांगजो नको."

मी लगेच फोन करून सांगितलं.

कडक लेन्स

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याला कडक लेन्स बसवली. पहिले दिवस खुपते, नको होते. मग एका सकाळी सवय होते. नळीवरची रेघ एकच झाली. दुकानाच्या पाटीवरचं हरेक अक्षर आपापल्या जागी उभं राहिलं.

त्या सुटीला मी गावी गेले. बाबा ओट्यावर बसून झेंडूच्या टोपल्यांवर ओलं पोतं टाकत होते. मला पाहून त्यांनी मान वर केली, आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यातली काळी बाहुली काळी नव्हती. पांढुरकी होती, दुधाचा थेंब पडल्यासारखी.

मोतीबिंदू. पिकलेला. लेन्स नसतानाही दिसला असता. कोणालाही दिसला असता.

मी विचारलं, हे केव्हापासून? म्हणाले, त्या डोळ्याने दोन वर्षं झाली धुकंच दिसते. मी विचारलं, मग काहून नाही सांगितलं?

"सांगतलं असतं तं तू माह्या डोयाच्या मांगं लागली असती," ते म्हणाले. "अन् तुहा राह्यला असता."

मी ओट्यावर बसले. हा माणूस माझ्यासोबत डोळ्यांच्या तीन डॉक्टरांसमोर बसला होता. हातभर अंतरावर. एकाने त्याला जबाबदारीची धमकी दिली, एकाने बार उडवून द्यायला सांगितलं, आणि जिच्यावर मी विश्वास टाकला तिनेही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. मशीनपुढे त्याची हनुवटी टेकवलेली नव्हती, म्हणून त्याला डोळेच नव्हते. तिला हे मी नंतर तोंडावर सांगितलं. तिने तिथल्या तिथे ऑपरेशनची तारीख दिली.

बाबांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मी आणि आई दोघी तिथे होतो. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोटं धरली आणि विचारलं, काका, किती दिसतात?

बाबांनी बोटांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, मग दोन्ही उघडे ठेवून.

"लयच वायली वं तू, नुसती काडी," ते म्हणाले.